पालथी बाटली

बाटली तनुजाच्या हातून फुटली, आणि फुटायला मुहूर्त तरी कसला साधला! बरोबर त्या रविवारी, आत्याबाईंचा काय तो निकाल लागायचा होता त्या दिवशी.

स्वयंपाकघराच्या खिडकीत पितळी परात, आणि परातीत तोंडावर पालथी उभी केलेली गुलाब सरबताची जाड, हिरवट बाटली. तेवीस वर्षं ती तशीच उभी होती. किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षी लातूरकडं कितीतरी घरांत असंच असायचं. कुणी ग्लासावर ग्लास रचायचं, कुणी बाटली पालथी घालायचं. जमीन हलली की आधी काच बोंबलणार, मग माणूस उठून पळणार, एवढीच त्यातली अक्कल. वर्षा-दोन वर्षांत लोक विसरून गेले. तुळजाबाई विसरली नाही.

तुळजाबाई म्हणजे तनुजाच्या नवऱ्याची, दयानंदची, आत्या. भूकंपात गाव गेलं तेव्हा भावाबरोबर नांदेडला आली. पुढं भाऊ शेषेराव, दयानंदचा बाप, वारला, ती राहिली. पण राहिली कुठं, तर अंगणातल्या पत्र्याच्या शेडात. तिथंच चूल, तिथंच खाट, घरातलं ताट तेवढं उंबऱ्यावरून हातात मिळायचं. तेवीस वर्षांत तिनं या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. स्लॅबखाली ती जात नसे, बस्स, विषय संपला. रोज सकाळी बाहेरून खिडकीच्या गजांतून हात घालायची, बाटली उभी आहे का चाचपायची आणि मग चहा घ्यायची.

आज ती चाचपून गेली आणि अर्ध्या तासानं तनुजानं परात पुसायला घेतली. पुढचं सांगायला नको.

"आई, काय फुटलं?" आतून देविकानं विचारलं.

"वाटी," तनुजा म्हणाली.

चाळीस पोरांचा वर्ग नुसत्या डोळ्यांनी गप्प करणारी ही बाई, पण आज काचा तिनं चोरासारख्या गोळा केल्या. एरवी हसण्यावारी नेलं असतं. पण गेले तीन आठवडे नांदेडच्या या तरोडा भागात जमिनीखालून आवाज येत होते. गुडगुड, मग एक ठोका, मग सगळं चिडीचूप. एका शाळेनं तर पोरं पटांगणातच बसवली. अधिकारी आले, घाबरू नका म्हणून सांगून गेले, आणि लोक जास्तच घाबरले. अशा दिवसांत आत्याबाईला बाटली फुटली म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि तेही आज?

आजचं असं होतं. दयानंद लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. आठवडाभर तिकडं, रविवारी इकडं, अशी निम्मी हयात गेली. आता त्यानं क्लासच्या मागंच चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. गुरुवारी टेम्पो येणार, सगळं घर लातूरला जाणार. फोनवर त्यानं तनुजाला स्पष्ट सांगितलं होतं, "आत्यानं रविवारी आत येऊन टेबलावर जेवावं. एकच जेवण. तेवढं जमलं तर चौथा मजलाही जमंल. न्हाई जमलं तर गुरुवारी तिला हदगावला गुणाबाईकडं सोडायचं." गुणाबाई म्हणजे नात्यातली एक म्हातारी, ठार बहिरी, एकटी. तिथं गेलेलं माणूस महिनाभरात भिंतीशी बोलायला लागलं असतं.

तनुजानं ओट्यावर नजर टाकली. तिथं दुसरी एक बाटली उभी होती, रिकामी, हिरवीच. देविकानं पुण्याहून आणलेली ती स्पॅनिश वाईन. पोरगी वाईन मागवणाऱ्या कंपनीत नोकरीला. काल चाखून उरलेली तिनं सकाळीच स्टीलच्या जगमध्ये ओतून ठेवली होती. वाईनला जरा हवा खाऊ द्यावी लागते म्हणे. तनुजाला कालपासून दुसरा घोर लागला होता तो हाच, की ही बाटली टाकायची कुठं. घंटागाडीत टाकली तर गल्लीभर होणार. सरांच्या घरी दारूची बाटली! शेजारच्यांचीच पोरगी सरांच्या क्लासला.

तिनं लेबल भिजवून खरवडून काढलं. बाटली परातीत पालथी घातली. ती डुलली. तोंड फारच बारीक होतं. दुसऱ्यांदाही डुलली. तिसऱ्यांदा कशीबशी उभी राहिली. तनुजा श्वास रोखून मागं सरकली.

"देविका, दार हळू लाव गं," ती म्हणाली.

"का?"

"सांगितलं ना, हळू लाव."

*

देविका वाटीत घोटभर वाईन घेऊन शेडात गेली तेव्हा तुळजाबाई चुलीवरच्या मटणात येसर सोडत होती. धूर, भाजलेल्या ज्वारी-हरभऱ्याचा आणि काळ्या मसाल्याचा वास, पत्र्याला लागलेली काजळी. देविकाला या वासानं पुण्यातही कधीकधी रडू यायचं.

"आत्याआजी, एवढं चाखून सांग."

"दारू हाय व्हय?"

"वाईन. द्राक्षांची."

"म्हंजी दारूच की." असं म्हणत म्हातारीनं उजवा तळहात पुढं केला, देवळात तीर्थाला करतात तसा. चाटलं, डोळे बारीक केले. "जांभळावानी लागतंय. अन् मागून तोंड आवळतंय बघ, कच्च्या बोरानं आवळतं तसं. कुठली म्हनलीस?"

"स्पेनची. तीन जातींची द्राक्षं एकत्र करतात. पहिलं तेम्प्रानियो, ते कणखर. दुसरं गार्नाचा, त्यात गोडवा असतो, ऊब असते. तिसरं अगदी थोडं घालतात, रंगाला आणि आंबटपणाला."

"कणखर म्हंजी तुझी माय."

"आणि गोड पप्पा?"

"त्याला म्हनू नगं, लई चढंल." तुळजाबाई खुदकन हसली. "अन् ते तिसरं थोडकं म्हंजी मी. पत्र्याखालचं."

देविका हसली खरी, पण गुरुवार तिलाही ठाऊक होता. तिनं वही उघडली. औरंगाबादच्या एका हॉटेलसाठी तिला उद्यापर्यंत लिहून द्यायचं होतं, की मराठवाड्याच्या ताटातलं काय काय या वाईनला चालतं. काल तिनं आईला सगळं करायला लावलं होतं. ठेच्यानं वाईनचा पार जाळ केला. चिंचेच्या सारापुढं ती पाणचट झाली. भरल्या वांग्याशी पटलं, शेंगदाण्याच्या कुटामुळं. खव्याची पोळी तर विचारूच नका, वाईन नुसती कडू लागली.

"तिला धूर लागतो आत्याआजी. भाजलेलं, चरबी असलेलं. तुझ्या मटणाशीच तिचं जुळणार बघ. फक्त तिखट जरा कमी घाल."

"तिखट कमी? मटनात? मंग कशाला करून राहिले मी सकाळधरनं?"

"माझ्यासाठी."

म्हातारीनं मिरचीपुडीचा चमचा निम्मा परत डब्यात झटकला. देविका तिच्याजवळ सरकून बसली.

"आज आत बसून जेवशील? दाराजवळची खुर्ची ठेवलीय. माझ्याशेजारी. दोन पावलांत बाहेर."

तुळजाबाईनं काटवटीत भाकरी थापायला घेतली.

"खिडकीतली बाटली उभी हाय न्हवं?" तिनं विचारलं. "मला आता नीट दिसंना झालंय."

"आहे उभी. पण तुला कशाला गं ती? तू तर पत्र्याखाली. पत्रा पडला तरी काय होणार?"

"माझ्यासाठी हाय व्हय ती बाटली?" तुळजाबाई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

*

दयानंद एक वाजता आला. रविवारची टेस्ट दुसऱ्या सरांवर ढकलून आला होता, म्हणून आधीच वैतागलेला. आल्या आल्या त्यानं चप्पल दारातच, बाहेर तोंड करून काढली. ही त्याची सवय कुणाच्या लक्षात आली नव्हती. लातूरच्या खोलीवर तो दाराला आतून कडी लावत नसे, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. हजारो पोरांना त्यानं लहरी शिकवल्या होत्या, पण उदाहरण द्यायचा ते दोरीचं, नाहीतर पाण्याचं. भूकंपाचं कधीच नाही. चौथा मजला त्यानं घेतला तो स्वतःची भीती एकदाची मोडून काढायला. आणि आपण मोडू शकतो तर आत्यानं का मोडू नये, असा त्याचा राग होता.

"ती कुठंय?"

"भाकरी करतायत," तनुजा म्हणाली. "अहो, आज जरा गोडीनं घ्या."

"मी काय भांडायला आलोय का?" आवाज भांडायचाच होता. "अन् ह्या जगमधी काय हाय?"

"कोकम सरबत समजा," देविका म्हणाली.

त्यानं वास घेतला आणि पोरीकडं पाहिलं. "उद्या पोरांचे बाप दारात आले म्हंजी समजंल तुला सरबत." पण पुढ्यातला पेला मागं सरकवला नाही. मटणाच्या पहिल्या घासानंतर त्यानं घोटभर घेतली, आणि रश्श्यातला तो धूर आणि ती आंबट-तुरट चव एकमेकांत मिसळली तशी त्याची भुवई वर गेली. "बरी हाय की," तो पुटपुटला. देविकानं वहीत खूण केली. क्षणभर, अगदी क्षणभरच, सगळं सुरळीत होईल असं तिला वाटलं.

तुळजाबाई भाकरीची दुरडी घेऊन दारात आली.

"आत ये, आत्या," दयानंद म्हणाला. खुर्ची त्यानं स्वतः ओढली. "बस."

तिनं दुरडी कडेवर घेतली. उजवा पाय उचलला. उंबऱ्यावर ठेवला. तिघांचेही घास तोंडातच थांबले. तनुजाची नजर मात्र खिडकीकडं होती. आत्याबाईनं आत येऊन बाटली पाहिली तर? आणि नाही पाहिली, पण बाटलीच पडली तर?

तुळजाबाईच्या कपाळावर घाम आला. तिनं छताकडं पाहिलं नाही. ती खाली, स्वतःच्या पायाकडं पाहत होती. पाय मागं घेतला.

"न्हाई बा. मला न्हाई जमायचं. तुम्ही जेवा."

"का न्हाई जमायचं?" दयानंदनं ताट पुढं ढकललं. "सगळं गाव घरात झोपतंय. शहरं वसली, मजल्यावर मजले चढले. तुझंच काय एवढं?"

"दया, मी हदगावला जाते. माझं काय न्हाई."

"म्हंजी मीच वाईट! आत्याला घालवून दिली म्हनून मलाच लोक नावं ठेवणार!"

"अहो," तनुजा म्हणाली.

"तू गप. आज बोलू दे मला." तो उभा राहिला. रश्श्यानं माखलेला हात हवेत तसाच. "त्या पहाटे बरं जमलं की तुला! तेव्हा पाय कसे चालले? सिंधु तुझ्याशेजारी निजली व्हती. तू अंगणात आलीस, अन् ती आत. सतरा वर्षांची पोर. मी म्हनलो व्हतो, बारावीला तिला लातूरला नेतो. दसरा होऊ दे म्हनलं कोन? तूच ना?"

तेवीस वर्षांत हे या घरात कुणी बोललं नव्हतं. शेषेराव मरताना बोलला नव्हता. आई नसलेल्या दयानंदला आणि त्याच्या बहिणीला, सिंधुला, तुळजाबाईनंच वाढवलं होतं, त्यामुळं ती बोलून दाखवायची गोष्टही नव्हती. देविका सिंधुआत्याला फोटोतच ओळखायची, दोन वेण्या आणि शाळेचा निळा ड्रेस. तिला पप्पांची शरम वाटली आणि कीवही आली.

दुरडी तुळजाबाईनं उंबऱ्यावर ठेवली, पदर खोचला आणि शेडाकडं वळली. तनुजा तिच्या मागं धावली.

"हे काय बोललात पप्पा तुम्ही!" देविका उठून ओट्यापाशी गेली. तिला त्याच्याकडं पाहवेना. तिनं नळ सोडला, बंद केला, खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली.

आणि तेव्हा जमीन गुरगुरली.

फार नाही. तीन आठवडे येत होता तसाच आवाज, दुरून आल्यासारखा, पायांच्या तळव्यांना आधी कळणारा. मग एक ठोका. ताटातली वाटी किणकिणली. परातीतली बाटली एकदा डुलली, आणि आडवी होऊन ओट्यावर, ओट्यावरून देविकाच्या पायांपाशी फुटली.

*

दयानंदला नंतर कितीही आठवलं तरी मधलं काही आठवेना. काच फुटल्याचा आवाज आठवत होता, आणि मग एकदम रस्ता. अनवाणी, भर उन्हात, गल्लीच्या मधोमध. हात माखलेला. शेजारपाजारचेही बाहेर आले होते, कुणी टॉवेलवर, कुणी लेकरू काखेत घेऊन. कुणीतरी ओरडत होतं, झालं, थांबलं, थांबलं.

थांबलंच होतं. एकही घर पडलं नव्हतं. लिंबावरच्या कावळ्यांचा तेवढा कलकलाट चालला होता.

त्यानं माणसं मोजली. क्लासमधली सवय. तनुजा अंगणात उभी, तोंडावर हात. एक. आत्या? शेड रिकामं होतं. आणि देविका.

देविका!

तो फाटकातून आत धावला. त्याच्या चपला दारात जशा काढल्या तशाच होत्या, बाहेर तोंड करून. त्यांच्यापाशीच त्याचे पाय थांबले.

आत, स्लॅबखाली, तुळजाबाई उभी होती.

काचांच्या मधोमध. तिनं देविकाचं मनगट घट्ट धरलं होतं आणि दुसरा हात पोरीच्या डोक्यावर पसरला होता. देविका जागच्या जागी गोठली होती. भोवती काचा, पाय अनवाणी, तिला पाऊलही टाकता आलं नव्हतं. म्हातारीचेही पाय अनवाणीच होते, डाव्या टाचेतून रक्त येत होतं. ती सारखं एकच म्हणत होती, "चल पोरी. मी हाय. चल. मी हाय."

"आत्याआजी, थांबलंय," देविका म्हणाली. "काही नाही झालं. बघ, थांबलंय."

तुळजाबाईनं तेव्हा कुठं वर पाहिलं. छताकडं, पंख्याकडं, ट्यूबलाइटकडं. सगळं नवीन असल्यासारखं पाहत राहिली. देविकानं तिला दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं, सकाळपासून तिच्यासाठी ठेवलेल्या त्याच खुर्चीवर, आणि खाली बसून तिच्या टाचेतली काच काढायला लागली.

"तू आत आलीस," देविका रडत म्हणाली. "तुला एवढी भीती वाटते, अन् तू आत आलीस."

"मला घराचं भ्या नव्हतं गं कधी." म्हातारीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मला माझ्या पायाचं भ्या. त्या पहाटे मला वाटलं, सिंधु मागंच येतीय. हात तिचाच धरलाय असं वाटलं. अंगनात येऊन बघते तर हातात गोधडी. तवापासनं म्हनलं, ह्या पायांचा भरवसा न्हाई. आत झोपले अन् पुन्हा असं झालं, तर हे पाय पुन्हा मलाच उचलून नेतील. तुला तितंच ठिवून." तिनं पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "म्हनून बाहीर. बाहीरनं आत पळता येतं."

दारात तनुजा आली होती. तिनं सगळं ऐकलं, आणि तिच्यानं राहवेना.

"आत्याबाई, चुकले मी. ती बाटली तुमची नव्हती. तुमची सकाळीच माझ्या हातून फुटली. ही देविकाची होती, वाईनची. बारीक तोंडाची. नुसता ट्रक गेला असता तरी पडली असती." ती नवऱ्याकडं वळली. "अहो, रोजच्यासारखाच आवाज होता तो. बाकी काही झालंच नाही."

दयानंद उंबऱ्याबाहेर उभा होता. त्याला हे ऐकायचं नव्हतं. खरंच काहीतरी पडलं असतं तर बरं, असं त्याला क्षणभर वाटलं, आणि तसं वाटल्याची आणखी लाज वाटली. एका रिकाम्या बाटलीला भिऊन तो लेकीला ठेवून रस्त्यावर गेला होता. तेवीस वर्षं ज्या गोष्टीसाठी त्यानं मनातल्या मनात आत्याला दोषी धरलं, ती गोष्ट करायला त्याला तीन सेकंदही लागले नव्हते.

"आत्या," तो म्हणाला. "मी पळालो."

"हाव," तुळजाबाई म्हणाली. "मीबी पळाले व्हते."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला सोपं गेलं असतं. तो मान खाली घालून रडायला लागला, हात माखलेला, त्यामुळं डोळेही पुसता येईनात. देविकानं त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा टाचेकडं पाहिलं. तिला वेळ लागणार होता.

"गुरुवारचं काय करायचं?" तनुजानं हळूच विचारलं.

"येते की लातूरला," तुळजाबाई म्हणाली. "देविका येईल तवा माझ्याजवळ निजंल, दाराशी. अन् बाटली रुंद तोंडाची बघा बाई. असली परदेशी नगं." मग तिनं भाच्याकडं पाहिलं. "ये आत. भाकर निवाली."

दयानंदनं उजवा पाय उचलून उंबऱ्यावर ठेवला. त्यानं छताकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. पाय पुढं जाईना.

"दम खा," तुळजाबाई म्हणाली. ती खुर्चीवरून उठली, लंगडत टेबलापाशी गेली, त्याच्या ताटात गरम रस्सा वाढला, भाकरी ठेवली. मग आतल्या बाजूनं येऊन, त्या घरातून तेवीस वर्षं तिला जसं मिळत होतं तसं, ते ताट तिनं उंबऱ्यावरून त्याच्या हातात दिलं.